सिमेंट पक्कं व्हायच्या आधीच आईला का उठवलं?

कोथरूडला राहणाऱ्या 44 वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या आईच्या (वय 69) उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन नऊ दिवस झाले. आई-बाबा सदाशिव पेठेत जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. दोन वर्षं आईंना जिना उतरणं जमत नव्हतं, लक्ष्मी रस्त्यावर पालखीच्या दर्शनाला जाणंही सुटलं होतं, म्हणून त्यांनीच ऑपरेशनचा निर्णय घेतला. ऑपरेशन सकाळी झालं. त्याच संध्याकाळी फिजिओने त्यांना वॉकर धरून उभं केलं, तर त्या पांढऱ्याफटक पडल्या, घेरी आली, पुन्हा झोपवावं लागलं. चौथ्या दिवशी घरी सोडलं. ‘पॅकेज संपलं, कॉट रिकामी करून हवी होती,’ असं घरात सगळ्यांचं मत झालं. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणतात, सांधा सिमेंटने बसवलाय, स्लॅबलासुद्धा एकवीस दिवस पाणी मारतो आपण, मग पायावर लगेच भार कसा द्यायचा? साताऱ्याहून मावशी आल्यात. ‘बाळंतीणसुद्धा सव्वा महिना निजून असते,’ हे त्यांचं म्हणणं. घरी आलेल्या फिजिओंसमोर आई कळवळल्या, तेव्हा बाबांनी ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणून त्यांना परत पाठवलं. आता आई दिवसभर पडून असतात, गुडघ्याखाली लोड, आणि मावशी पोटरीला कोमट तेल लावतात. ताईंनी चालायचा आग्रह धरला, तर आई म्हणाल्या, ‘तू माझी लेक आहेस की वैरीण?’ ताई विचारतात: इतक्या लवकर उठवणं खरंच गरजेचं असतं का? आणि आई नको म्हणत असताना तिला उठवणं हा दुष्टपणा नाही का?

ताई,

बाकीचं वाचण्याआधी एक काम करा. आईंचे दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी बघा. ऑपरेशनच्या पायाची पोटरी दुसऱ्या पोटरीपेक्षा बरीच सुजलेली आहे का, दाबल्यावर दुखते का, गरम किंवा लालसर लागते का? या पायाला थोडी सूज असतेच, त्यामुळे घरी बघून खात्री होणार नाही. आजच सर्जनना फोन करा आणि आई नऊ दिवसांत फारशा उठलेल्या नाहीत हे स्पष्ट सांगा. ते कदाचित पायाची डॉप्लर तपासणी (शिरांमधलं रक्त नीट वाहतंय का ते बघणारी सोनोग्राफी) करायला सांगतील. रक्त पातळ ठेवायची गोळी किंवा इंजेक्शन लिहून दिलं असेल, तर ते न चुकता चाललंय ना, हेही पाहा. पोटरीचं मालीश मात्र आत्तापासून बंद. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असली, तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जायची भीती असते. एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट इस्पितळ गाठा.

मावशींना हे सांगताना आवाज चढवू नका. त्या साताऱ्याहून बहिणीची सेवा करायला आल्यात. त्यांच्या हातांना दुसरं काम देऊ, त्याकडे मी येतेच.

आता बाबांची शंका. तुमच्या घरात जे जे बोललं गेलं, त्यात मला ती सगळ्यांत शहाणी वाटली. माणूस आयुष्यभर बांधकामावर राहिला, ‘सिमेंट’ हा शब्द कानावर पडल्यावर त्याने एकवीस दिवस मोजायचे नाहीत, तर कोणी मोजायचे? पण हाडाच्या सिमेंटचं नाव तेवढं सिमेंट. बांधकामाचं सिमेंट पाण्याशी संयोग पावून दिवसेंदिवस बळकट होत जातं, म्हणून आपण त्याला पाणी मारतो. हाडात भरतात ते अॅक्रिलिक असतं. त्याचं नाव पॉलिमिथाइल मिथाक्रिलेट, दातांची कवळी ज्या घराण्याच्या पदार्थाची बनते त्यातलंच. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस मँचेस्टरमधले दंतसाहित्याचे जाणकार डेनिस स्मिथ यांच्या मदतीने ते खुब्याच्या सांध्यासाठी वापरात आणलं. ऑपरेशन थिएटरमध्ये पूड आणि द्रव एकत्र करतात, त्याची कणीक होते, ती तापते आणि साधारण दहा-पंधरा मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. बाबांच्या भाषेत सांगायचं तर ते डिंकासारखं चिकटत नाही, ग्राउटसारखं हाडाच्या छिद्रांत शिरून अडकून बसतं. जखम शिवायच्या आधी सर्जन गुडघा वाकवून, सरळ करून बघतात. म्हणजे आई थिएटरमधून बाहेर आल्या, तेव्हाच बाबांचे एकवीस दिवस उलटून गेलेले होते. सिमेंटने बसवलेल्या गुडघ्यावर पूर्ण भार द्यायला सर्वसाधारणपणे पहिल्या दिवसापासून हरकत नसते. बाबांनी हे सर्जनना स्वतः विचारावं, अशी माझी इच्छा आहे. तुमच्यामार्फत कळलेलं त्यांना पटणार नाही, आणि ते योग्यच आहे.

सांधा तयार असतो. कच्चा असतो तो मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघा सरळ धरतो. ऑपरेशननंतर गुडघ्यात सूज आणि पाणी भरतं, आणि त्या सुजेमुळे शरीर आपणहून या स्नायूचा संदेश बंद केल्यासारखं करतं. आधीच दोन वर्षं दुखण्यामुळे कमी वापरलेला तो स्नायू ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत अर्ध्याहून अधिक ताकद गमावू शकतो. पडून राहिलं की त्यात आणखी भर. दुसरीकडे सांध्याभोवती नवी जखम भरत असते, आणि ज्या अवस्थेत पाय ठेवाल त्या अवस्थेत ती आवळत जाते. म्हणून तो गुडघ्याखालचा लोड मला सगळ्यात जास्त सलला. वाकलेल्या पायाला बरं वाटतं, कारण तिथे ताण नसतो. पण गुडघा त्याच वाकात आखडला, तर पुढे प्रत्येक पावलाला आई लंगडतील. लोड काढा. टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने खाली जाईल. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटंच सोसवेल. तेवढंच करा.

वाकण्याचा हिशेबही सांगते. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण 65 अंशांपर्यंत वाकावा लागतो, जिना चढायला 80-85, खुर्चीतून हात न टेकता उठायला 90 च्या वर. दोन आठवड्यांच्या सुमारास 90 अंशांच्या आसपास पोचणं आणि पूर्ण सरळ होणं हे बहुतेक फिजिओंचं पहिलं लक्ष्य असतं. पहिले सहा आठवडे फार मोलाचे. त्यानंतर आतला व्रण निबर व्हायला लागतो, आणि आखडलेला गुडघा कधी कधी भूल देऊन वाकवावा लागतो. तुमचे नऊ दिवस गेलेत, पण फार काही हातचं गेलेलं नाही. ‘पंधरा दिवसांनी या’ हे मात्र तुमच्या बाबांनी मागे घ्यायला हवं.

इस्पितळाने पॅकेजसाठी घाई केली का? तुमच्या इस्पितळाच्या मनात काय होतं, ते मी सांगू शकत नाही. ठरलेल्या रकमेच्या पॅकेजमध्ये कॉट लवकर रिकामी झाली की इस्पितळाचा फायदा होतो, हे खरं आहे, आणि लोकांच्या मनात संशय येतो तो उगाच नाही. पण लवकर उठवण्याचा विचार तिथून आलेला नाही. डेन्मार्कमध्ये, जिथे दवाखाने बहुतांशी सरकारी पैशावर चालतात, हेन्रिक केलेट नावाच्या सर्जनने 1990 च्या दशकात आतड्याच्या ऑपरेशनपासून सुरुवात केली. ऑपरेशननंतर माणूस अंथरुणाला का खिळतो, याची एकेक कारणं त्याने शोधली: वेदना, मळमळ, चक्कर, उगाच ठेवलेल्या नळ्या, उपास. प्रत्येकावर उपाय केला, तर माणसं लवकर उठली, आणि पडून राहिल्याने होणारे त्रास कमी झाले. तीच पद्धत पुढे गुडघा आणि खुब्याच्या सांधेरोपणात आली. पोटरीचा स्नायू पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलणारा पंप आहे. तो थांबला की रक्त साचतं, साचलं की गुठळीचा धोका. पाठीवर निजून राहिलं की फुप्फुसाच्या तळाशी कफ साठतो, शौचाला होत नाही, वयस्कर माणसं दिवस-रात्र विसरून बरळायलासुद्धा लागतात. वॉर्डातल्या तीसेक वर्षांत मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

तरीही त्या संध्याकाळी तुमच्या आईंशी जे झालं, त्याबद्दल मला वाईट वाटतं, आणि ते टाळता आलं असतं. पाठीत दिलेल्या भुलीचा अंमल, थोडा रक्तस्राव, पोटात अन्न नाही, त्यात वेदनाशामक औषधं. अशा शरीराला एकदम उभं केलं की रक्तदाब कोसळतो. घेरी येणं नेहमीचं आहे, त्याचा अर्थ सांध्याला काही झालं असा नाही. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी एका आजोबांना असंच घाईने उभं केलं होतं. काठावर बसवून थांबायला हवं होतं, मी थांबले नाही. ते माझ्या खांद्यावरून घसरले आणि गुडघा कॉटच्या दांडीवर आपटला. सांधा शाबूत राहिला, पण दोन टाके उसवले आणि त्यांची हिंमत कायमची गेली. पुढचे आठ दिवस मी आले की ते डोळे मिटून घ्यायचे. तेव्हापासून माझा नियम ठरला: आधी पलंगाचा डोक्याकडचा भाग उंच करायचा, मग पाय खाली सोडून पाच मिनिटं काठावर बसायचं, पंजे वर-खाली करायचे, दोन घोट पाणी, रंग बघायचा, बोलतं ठेवायचं, आणि मगच उभं करायचं. घरी तुम्हीही नेमकं हेच करा. चक्कर वाटली तर तेवढ्यावर थांबा. काठावर बसणं हीसुद्धा हालचालच आहे.

त्याहून मोठी चूक ऑपरेशनच्या आधीची होती. तुमच्या पत्रात कुठेही असं नाही की आईंना कोणी आधी बसवून सांगितलं, ‘आम्ही त्याच दिवशी उभं करू, दुखेल, त्यासाठी औषध देऊ, वॉकर असा धरायचा.’ वॉकर धरून चालण्याचा सराव ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे घरी करता येतो, मांडीचे व्यायामही तेव्हाच शिकता येतात. ज्यांच्या घरी ऑपरेशन व्हायचं आहे, त्यांनी तारीख घेतानाच सर्जनना विचारावं: कधी उठवणार, कोण उठवणार, वेदनेसाठी काय देणार, घरी कोण येणार? तुमच्या आईंवर ही गोष्ट एकदम येऊन कोसळली. आत्ता त्या घाबरलेल्या आहेत, हट्टी नाहीत.

मावशींच्या सव्वा महिन्याबद्दल एकच सांगेन. तुमच्या घरात गेल्या काही वर्षांत कोणाचं सिझेरियन झालं असेल, तर दुसऱ्या दिवशी तिला चालवलं होतं की नाही, ते मावशींना आठवून बघायला सांगा. विश्रांती बाळंतिणीलाही हवी आणि आईंनाही. जड उचलू नये, पाहुण्यांनी दमवू नये, दुपारची झोप मोडू नये, हे सव्वा महिन्यातलं सगळं शहाणपण आईंच्या कामाचं आहे.

आणि आता तो शब्द. वैरीण. तो तुम्हाला लागला, हे पत्रातून दिसतं. तुम्ही विचारलंय की आई नको म्हणत असताना उठवणं दुष्टपणा नाही का. पुढे दोनच वाटा दिसतात असं तुम्ही धरून चालला आहात, एक तर बळजबरी, नाही तर पडू देणं. मधली वाट दुखण्याच्या गोळ्यांपासून सुरू होते. आई गोळ्या वेळेवर घेतात का? आपल्याकडची वडीलधारी माणसं ‘उष्ण पडतात’, ‘सवय लागेल’ म्हणून गोळी टाळतात, आणि मग वेदना असह्य झाल्यावर फिजिओ दारात उभा राहतो. सांगितलेली गोळी सांगितल्या वेळी घ्यायची, आणि व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी ती पोटात असेल असं वेळापत्रक बसवायचं. पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. शेजाऱ्यांनी सुचवलेली दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी मात्र मनाने देऊ नका, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

दुखणं आणि दुखापत यांत फरक आहे, हे आईंना शांतपणे सांगावं लागेल. वाकवताना ताण बसेल, ठणकेल, डोळ्यांत पाणीही येईल, आणि थांबल्यावर थोड्या वेळात ते उतरेल. ते दुखणं. व्यायामानंतर रात्रभर ठणका राहिला किंवा दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झालं, आज निम्मं करायचं. इतका सोपा काटा आहे. जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, थंडी वाजून येणं, दिवसेंदिवस वाढत जाणारी लाली, किंवा अचानक पायावर उभंच न राहता येणं, यांपैकी काही दिसलं की व्यायाम बंद आणि सर्जनना फोन.

सर्जनचा होकार मिळाला की त्याच फिजिओंना पुन्हा बोलवा. बाबांनीच फोन करावा, हे माझं मत. पहिल्या दिवशी फार काही नको. जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा पंजा वर-खाली. मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा आणि पाच आकडे मोजायचे. टाच अंथरुणावरून सरकवत जवळ आणायची. काठावर बसून चांगल्या पायाच्या घोट्याने ऑपरेशनचा पाय हलकेच मागे ढकलायचा, म्हणजे किती वाकवायचं ते आईंच्याच ताब्यात राहतं. चालणं एकदम अर्धा तास नको. पाच पाच मिनिटांचं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि त्याला काहीतरी कारण असावं. जेवायला टेबलापाशी यायचं, देवापुढे निरांजन लावायचं, गॅलरीत तुळशीला पाणी घालायचं. जमिनीवरची पायपुसणी आणि सतरंज्या उचला. मोरीत पाणी सांडलेलं राहू देऊ नका. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची उंच खुर्ची भाड्याने मिळते. पहिले काही आठवडे रात्री उठताना कोणीतरी जवळ हवं.

मावशींचं काम इथे. शेक नको, तेल नको, गार हवं. बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, प्रत्येक व्यायामानंतर. टाके ओले होऊ द्यायचे नाहीत. पाय उंच ठेवायचा तर उश्या टाच आणि पोटरीखाली, गुडघ्याखाली नाही. आणि बाबांना एक वही द्या. फिजिओ अंश मोजतील तो आकडा, चालण्याच्या फेऱ्या, गोळ्यांच्या वेळा. आयुष्यभर मोजमाप पुस्तक भरलेला माणूस हे कोणाहीपेक्षा चोख करेल. शिवाय आकडा 55 वरून 62 वर गेलेला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, की त्यांचीच भीती कमी होईल. तुम्ही मग आईंपाशी नुसत्या बसा. व्यायाम घेणारी व्यक्ती आणि लेक या दोन भूमिका एकाच माणसावर नकोत. फिजिओंनी सांगावं, बाबांनी मोजावं, तुम्ही हात धरावा.

आईंशी बोलताना ऑपरेशनच्या आधीची गोष्ट काढा. निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता, जिना उतरायचा म्हणून, पालखीला जायचं म्हणून. त्यांना विचारा, ‘आई, आज तुला कुठपर्यंत जायचंय?’ त्या ‘कुठेच नाही’ म्हणाल्या, तर तासाभराने पुन्हा विचारा. एखादी फेरी बुडाली तर बुडू द्या. नकाराचा हक्क आहे हे कळलं की माणूस होकार द्यायला मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या घरी खुब्याचं सांधेरोपण झालंय, त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं उचलू नये. लवकर उठणं तिथेही आहेच, पण सर्जनने कोणत्या बाजूने सांधा गाठला त्यावर पथ्यं ठरतात. मागच्या बाजूने केलं असेल तर काही आठवडे पाटावर किंवा बुटक्या खुर्चीत बसणं, पायावर पाय टाकणं, खाली वाकून वस्तू उचलणं वर्ज्य असतं. भार किती द्यायचा, हेही त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेच पाळावं.

राहिला तुमचा जिना. टाके काढायला जायचा दिवस आता जवळ आलाय, आणि तुम्ही कदाचित खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यायचा बेत केला असेल. तो करण्याआधी फिजिओंना विचारा. तोवर आई घरात नीट चालत असतील, तर बहुतेकदा त्या स्वतः उतरू शकतात, पण आधी फिजिओंबरोबर चार-पाच पायऱ्यांचा सराव झालेला हवा. एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात काठी. उतरताना आधी ऑपरेशनचा पाय खाली, मग चांगला. चढताना आधी चांगला पाय वर, मग ऑपरेशनचा. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे. उतरताना तुम्ही आईंच्या एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे करून. बाबांनी पुढे जाऊन जिन्यातले दिवे लावावेत आणि प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवावी. खाली पोचलात की लगेच रिक्षात बसवू नका. पाच मिनिटं खुर्चीत बसू द्या. दोन वर्षांनी आई स्वतःच्या पायांनी खाली आल्यात, शेजारणी बाहेर येतीलच.